घडी बसते का? लहान मुलांना सममिती शिकवताना



या अंकातला अभ्यासपाठ गणिताचा आहे, याचे काहींना नवल वाटेल. एरवी या पानावर आपण शास्त्रपाठ वाचता, नाहीतर वसतिगृहाच्या कामाचा वृत्तांत. पण आपल्या देणग्यांतून चालणाऱ्या संध्याकाळच्या वर्गात नेमके काय शिकवतात, असे मंडळीतल्या काही जणांनी विचारले आहे. एका ज्येष्ठ बंधूंनी तर स्पष्टच विचारले, "मुले तिथे कागद कापत बसतात असे ऐकतो. ते कशासाठी?" प्रश्न रास्त आहे. सगळ्या वर्गाचा हिशेब देण्यापेक्षा एकच धडा उलगडून दाखवते. तो वाचून आपल्याला आपल्या शब्बाथ शाळेत किंवा घरी नातवंडांबरोबर करून पाहता आला, तर आणखीच बरे.

धडा आहे सममितीचा. एखाद्या आकृतीची एका रेषेवर घडी घातली आणि एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूवर तंतोतंत बसला, तर ती आकृती सममित. आणि ज्या रेषेवर घडी घातली ती रेषा म्हणजे सममितीचा अक्ष. एवढेच. प्राथमिकच्या पुस्तकात हा धडा दोन-तीन पानांत आटोपतो. फुलपाखराचे चित्र, एक पान, काही आकृत्या, "खालील आकृत्यांचे अक्ष काढा", संपले.

आमच्या मुलांना मात्र ही दोन पाने फार महागात पडू शकतात. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी जी निवड चाचणी होते, तिच्यात एकूण ८० प्रश्न आणि १०० गुण असतात, वेळ दोन तास. त्यातले ४० प्रश्न म्हणजे निम्मे गुण मानसिक क्षमता चाचणीचे. आरशात ही आकृती कशी दिसेल, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, अर्धवट चौकोन कोणत्या तुकड्याने पुरा होईल, असे प्रश्न तिथे येतात. मुळाशी बहुतेकांना सममितीच लागते. नवोदयमध्ये सहावीपासून बारावीपर्यंत राहणे, जेवण आणि पुस्तके मोफत, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरच्या वारली मुलांसाठी हे दार खरोखर उघडे आहे. पण या परीक्षेला आयुष्यात एकदाच बसता येते, तेही पाचवीत असताना.

मग सरळ मार्गदर्शक पुस्तके आणून प्रश्नसंच का सोडवून घेऊ नयेत? मीही संच सोडवून घेते, पण शेवटच्या दोन महिन्यांत. त्याआधी संच दिला तर मूल उत्तराचा अंदाज बांधायला शिकते आणि अंदाज चुकला की "मला डोके नाही" असे ठरवून टाकते. हे वाक्य आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या तोंडून मी फार वेळा ऐकले आहे. ते त्यांना कोणीतरी शिकवलेले असते.

आता मुख्य अडचण सांगते. सममितीची जी व्याख्या आपल्यापैकी बहुतेकांच्या लक्षात असते ती अशी: "ज्या रेषेने आकृतीचे दोन सारखे भाग होतात ती सममितीची रेषा." ही व्याख्या अपुरी आहे, आणि मुलांचा सगळा घोटाळा या "सारखे"मधून होतो.

वहीचे एक पान घ्या. ते लांबट आहे, चौरस नाही. त्याला अक्ष किती? उभा एक, आडवा एक. आता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत कर्ण काढा आणि मुलांना विचारा, हा अक्ष आहे का? वर्गातल्या वीसेक मुलांपैकी फार तर दोघे-तिघे "नाही" म्हणतील. बाकीची खात्रीने "हो" म्हणतील. चौथीतल्या एका मुलाला मी घडी घालून दाखवायला सांगितले. त्याने कर्णावर घडी घातली, दोन कोपरे दोन बाजूंना बाहेर आले. तो क्षणभर पाहत राहिला, पण हार मानायला तयार नव्हता.

"बाई, कापून बघा. दोन्ही तुकडे सारखेच आहेत."

कापले. एक त्रिकोण उचलून त्याने दुसऱ्यावर ठेवला, थोडा फिरवला, आणि तो अगदी बरोबर बसला. सारा वर्ग त्याच्या बाजूने झाला.

आणि तो बरोबरच होता. तुकडे खरोखरच एकरूप आहेत. अशा वेळी फुली मारून पुढे जाणारा शिक्षक त्या मुलाला सांगत असतो की तुझ्या डोळ्यांवर आणि हातांवर विश्वास ठेवू नकोस, पुस्तकावर ठेव. गणित शिकवण्याचा यापेक्षा वाईट मार्ग मला माहीत नाही. मी त्याला म्हटले, "तुकडे सारखे आहेत, हे तू सिद्ध केलेस. पण बसवताना तू काय केलेस, ते पुन्हा करून दाखव." त्याने पुन्हा तुकडा फिरवला. मग पाचवीतली एक मुलगी, जी फारशी बोलत नाही, मागून म्हणाली, "त्यानं फिरवलं. घडी नाय घातली."

सगळा धडा त्या दोन वाक्यांत आला. फिरवून बसणे वेगळे आणि घडीने बसणे वेगळे. तेव्हापासून आमच्या वर्गात "सारखे भाग" हा शब्दच कोणी वापरत नाही. प्रश्न एकच: घडी बसते का? आपल्या भाषेत संसाराची, कामाची घडी बसते, तशीच ही. पुस्तकातला "सममिती" हा शब्द मुलांना परीक्षेपुरता पाठ करावा लागतो, तो ती करतात. पण विचार करताना त्यांच्या मनात घडी असते.

त्याच तासाला एक छोटा आरसा त्या कर्णावर उभा धरा. आरशात आणि कागदावर मिळून पान दिसत नाही, पतंग दिसतो. मुले हसतात, पुन्हा पुन्हा करून बघतात. त्यानंतर कर्णाचा प्रश्न सहसा कोणी चुकत नाही.

याची उलटी बाजू आपल्या घरातच आहे. नाताळच्या फराळातले शंकरपाळे घ्या. चारही बाजू सारख्या कापल्या गेल्या असतील तर त्याचे दोन्ही कर्ण अक्ष आहेत आणि बाजूंच्या मधून जाणारी उभी-आडवी घडी मात्र बसत नाही. म्हणजे वहीच्या पानाच्या बरोबर उलट. आणि कातणी फिरवताना एका दिशेच्या पट्ट्या रुंद, दुसऱ्या दिशेच्या अरुंद झाल्या, की त्याच शंकरपाळ्याला एकही अक्ष उरत नाही, जरी ते दिसायला तितकेच नीटस असले तरी. कागदाची शंकरपाळी कापून मुलांना हे स्वतः शोधू द्यावे. सांगू नये. चौरसात दोन्ही प्रकारच्या घड्या बसतात म्हणून त्याला चार अक्ष, हे मग त्यांचे त्यांना सुचते.

घडीसाठी विकतचे साहित्य लागत नाही. आमच्या या डहाणू तालुक्यात ही गोष्ट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, मूल शाळेत येत नाही तर शाळा कुरणात न्यायची. खडे, पाने, बिया हेच त्यांचे शैक्षणिक साहित्य होते. मला या धड्यासाठी पानांसारखे दुसरे साधन दिसत नाही.

आपट्याचे पान प्रथम द्यावे. ते निसर्गानेच मधल्या शिरेवर दुमडायला तयार करून ठेवलेले आहे. दोन्ही पाळी एकमेकींवर येतात. मग पिंपळाचे. मग कडुनिंबाची एक डहाळी द्यावी आणि तिच्यावरचे एकेक छोटे पान सोडवून घडी घालायला सांगावी. ते कोयत्यासारखे वाकलेले असते आणि देठाजवळ एक बाजू खाली तर दुसरी वर असते. घडी बसत नाही. मुले पाने टाकून दुसरी घेतात, त्यांना वाटते हे पान खराब निघाले. सगळी तशीच निघतात तेव्हा कुठे पटते की निंबाचा स्वभावच तो. पळसाचे पान सर्वांत मजेचे. तीन पानांपैकी मधले घडीला बसते, बाजूची दोन एकेकटी घेतली तर बसत नाहीत, पण तिन्ही मिळून देठासकट ठेवली तर डावे आणि उजवे एकमेकांची जोडी होतात. एकटे असममित, जोडीने सममित. (कोणतेही पान मापाने काटेकोर नसते हेही सांगून टाकावे, नाहीतर एखादा चिकित्सक मुलगा आपट्यालाही नापास करतो. तो चुकीचा नसतो.)

वारली चित्रकलेविषयी थोडे लिहायला हवे, कारण ती वर्गात आणावी की नाही अशी शंका काही वाचकांच्या मनात आहे. लग्नाच्या वेळी भिंतीवर काढला जाणारा चौक, ज्याच्या मध्ये पालघाट देवी असते, तो मी फळ्यावर काढत नाही. तो एका समाजाच्या श्रद्धेचा विधी आहे. आपली श्रद्धा वेगळी असली तरी दुसऱ्याच्या पूजेचा वर्गात खेळ करू नये. पण गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेली माणसे, झाडे, गुरे, पाखरे ही या मुलांची अक्षरओळखच आहे. ती त्यांच्यापासून काढून घेण्याचा मला अधिकार नाही. जिव्या सोमा म्हसे यांना याच कलेसाठी २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, ते याच तालुक्यातले.

तर वारली माणूस घ्या. दोन त्रिकोण टोकाला टोक लावलेले, वर डोक्याचा गोल. दोन्ही हात सारखे वर केलेला माणूस उभ्या रेषेवर घडीला बसतो. डोक्यावर हंडा दिला तरी बसतो. एका हातात कोयता दिला की मोडतो. "मग दुसऱ्या हातात पण कोयता द्या," असा उपाय एकाने सुचवला, आणि मग तो दोन कोयत्यांचा माणूस आठवडाभर सगळ्यांच्या वह्यांत होता. नुसते धड घेतले, दोन्ही त्रिकोण सारखे असले, तर आडवी घडीही बसते. आणि तारपा नाच? मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती शंखासारखी वळत गेलेली नाचणाऱ्यांची रांग. मुलांनी तिच्यावर घडीची रेषा शोधण्यात अर्धा तास घालवला. सापडली नाही. सापडणारच नव्हती, शंखाच्या वळणाला अक्ष नसतो. सुंदर असूनही सममित नसलेली गोष्ट मुलांना अशी त्यांच्याच अंगणात भेटली, हे मला पुस्तकातल्या फुलपाखरापेक्षा मोलाचे वाटते.

घडीनंतर आरसा, आणि आरशानंतर चौकटीचा कागद, हा क्रम मी बदलत नाही. कागदावर मधोमध उभी रेषा, डावीकडे अर्धी आकृती, उजवीकडे मुलाने पुरी करायची. नियम एकच. रेषेपासून एक टोक डावीकडे जितकी घरे दूर, तितकीच घरे उजवीकडे, त्याच ओळीत. उभी रेषा सगळ्यांना जमते. आडवी थोडी कमी. तिरपी आली की हुशार मुलेही गडबडतात, कारण ती सवयीने आकृती शेजारी सरकवतात, उलटवत नाहीत. त्यावर दोन उपाय. पहिला, कागदच फिरवून तिरपी रेषा आपल्यासमोर उभी करून घ्यायची. परीक्षेत प्रश्नपत्रिका फिरवायला कोणाची मनाई नसते, पण मुलांना ते सुचत नाही. दुसरा, चौकटीच्या कोपऱ्यांतून जाणारी तिरपी रेषा असेल तर अलीकडे तीन घरे आडवे गेलात की पलीकडे तीन घरे उभे जायचे. शेवटी घडी घालून कागद खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. रेघा एकमेकींवर दिसल्या तर बरोबर, दोन-दोन दिसल्या तर चूक. तपासायला बाई लागत नाही. स्वतःचे उत्तर स्वतः तपासता येणे, हे आमच्या मुलांना इतर विषयांत क्वचितच मिळते.

भोकांचा प्रश्नही असाच हाताने शिकवावा. कागद एकदा दुमडून भोक पाडले, उलगडले, दोन भोके. दोनदा दुमडले, चार. बहुतेक मार्गदर्शक पुस्तके एवढ्यावर थांबतात. भोक घडीच्या अगदी कडेवर पडले तर काय? मग अर्धे भोक उलगडून एकच पुरे होते. हे एकदा स्वतः कापून पाहिलेले मूल परीक्षेत फसत नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी इथे एक पाठ सुचवते. निर्गमच्या २५व्या अध्यायात निवासमंडपातल्या दीपवृक्षाचे वर्णन आहे. मध्ये एक दांडा, त्याच्या एका बाजूने तीन शाखा, दुसऱ्या बाजूने तीन, आणि एकूण सात दिवे. वर्णन मुलांना सावकाश दोनदा वाचून दाखवा, चित्र दाखवू नका. मग प्रत्येकाला एक कागद मध्ये दुमडून द्या आणि सांगा, कात्रीने दीपवृक्ष कापा, पण चित्र अर्धेच काढायचे.

तीन प्रकार होतील. काही मुले दुमडलेल्या बाजूऐवजी मोकळ्या बाजूकडून दांडा काढतील, आणि उलगडल्यावर त्यांच्या हातात दोन सुटे तुकडे येतील. काही घडीला लागून पुरा दांडा काढतील आणि उलगडल्यावर तो दुप्पट जाड होईल. काहींचा बरोबर येईल. ज्यांचा चुकला त्यांना दुसरा कागद द्या, बोलू नका. दुसऱ्या वेळी ती अर्धाच दांडा काढतात. मग विचारा, शाखा सहा, त्यांच्या जोड्या तीन. दिवे सात. सातव्याची जोडी कोण? एका लहान मुलीने मला उत्तर दिले होते, "तो घडीवरच बसलाय, त्याची जोडी तोच." गणितात हेच म्हणतात. अक्षावरच्या बिंदूचे प्रतिबिंब तो बिंदू स्वतःच. यातून कोणी आध्यात्मिक बोध काढू इच्छीत असेल तर काढावा. मी मुलांना एवढेच सांगते की हे काम ज्याने केले त्या बसालेलला देवाने हातांचे कसब दिले होते, असे शास्त्र सांगते, आणि हाताचे काम हलके समजू नका. त्याच अध्यायातले दयासनावरचे दोन करूब, समोरासमोर तोंडे केलेले, हाही सममितीचा चांगला नमुना आहे, पण पंख कापताना लहान मुलांचे कागद फाटतात.

क्रूसही द्या. आपल्या चर्चच्या दारावर असतो तसा, खालचा भाग लांब असलेला. त्याला एकच अक्ष, उभा. चारही भुजा सारख्या असलेल्या अधिकच्या चिन्हाला चार. नाताळच्या पाच टोकांच्या चांदणीला पाच. प्रत्येक टोकापासून समोरच्या खाचेपर्यंत एकेक. मुलांना आधी अंदाज करू द्या, मग घडी घालू द्या.

आता त्या पाचवीतल्या मुलीविषयी, जिने "फिरवलं, घडी नाय घातली" असे म्हटले. तिला हे इतक्या लवकर कसे दिसले, याचा मला उलगडा होत नव्हता. आरशाच्या प्रतिमांचे प्रश्नही ती विचार न करता सोडवायची. एकदा फळ्यावर इंग्रजीतले दोन वर्ण लिहून त्यांची आरशातली प्रतिमा विचारली, तर इतरांची चर्चा सुरू होण्याआधी तिची वहीत लिहून झाली. विचारले तेव्हा म्हणाली, "साच्यात अशीच असतात, बाई. साच्यात उलटी, विटेवर सुलटी."

तिसरीचे आणि चौथीचे दुसरे सत्र तिने भिवंडीकडच्या वीटभट्टीवर काढले आहे. विटेच्या पोटात मालकाच्या नावाची अक्षरे उमटलेली असतात, ती उमटावीत म्हणून साच्याच्या तळाशी ती उलटी कोरलेली असतात. दिवसभर आईवडील विटा पाडत आणि ती लहान भावाला कडेवर घेऊन शेजारी बसत असे. साचा पालथा होतो, वीट सुटते, अक्षरे सुलटी होतात, हे तिने हजारो वेळा पाहिले होते. सममिती तिला कोणी शिकवायची गरज नव्हती, फक्त तिला जे ठाऊक आहे त्याला पुस्तकात काय म्हणतात ते सांगायचे होते. भट्टीने शिकवले म्हणून भट्टी बरी, असे मात्र कोणी म्हणू नये. त्याच दोन वर्षांत तिचा भागाकार राहिला, वाचन अडखळले, आणि तिला बोलायची भीती बसली.

या वर्षी ती पाचवीत आहे. नवोदयच्या नियमाप्रमाणे पाचवीचे पूर्ण शैक्षणिक वर्ष आपल्या जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढावे लागते. दिवाळी झाली की घरचे नेहमीप्रमाणे निघतील. उचल आधीच घेतलेली आहे, ती फेडायलाच हवी. आईवडिलांना तिने शिकावे असे वाटते, वडील दोनदा येऊन बोलून गेले. अडचण तीन वर्षांच्या भावाची आहे. तो तिच्याशिवाय राहत नाही आणि भट्टीवर त्याला सांभाळायला दुसरे कोणी नाही. आपल्या वसतिगृहात इतक्या लहान मुलाची सोय नाही. आजी पाड्यावर मागे राहायला तयार आहे, नातवाला सांभाळीन म्हणते. पण मागे राहिली तर तिची भट्टीवरची मजुरी जाते आणि पावसाळ्यापर्यंत घरात धान्य पुरत नाही.

म्हणून ज्यांनी कागदाविषयी विचारले त्यांना विनंती अशी की, एका बाजूने कोरे असलेले कागद, जुनी कॅलेंडरे आणि छोटे आरसे जरूर पाठवा (आरशाच्या कडांना चिकटपट्टी लावून, मागच्या वेळी एकाचे बोट कापले). आणि दोन माणसांना पुरेल एवढे तांदूळ, डाळ आणि तेल, नोव्हेंबर ते मे, असे सात महिने देण्याची जबाबदारी एखाद्या कुटुंबाला किंवा एखाद्या महिला मंडळाला घेता येत असेल, तर तसे दिवाळीच्या आधी वसतिगृहाच्या पत्त्यावर कळवावे. पाड्यावर आणखी दोन घरे अशीच आहेत, तिथे चौथीतली मुले आहेत. त्यांना अजून एक वर्ष आहे.